घर गहाण, निगेटिव्ह ताब्यात: जॉन कॅसाव्हेटीसचं १९७४ चं प्रकरण

१९७४ साली जॉन कॅसाव्हेटीसकडे अडीच तासांचा एक तयार चित्रपट होता आणि तो घ्यायला कुठलीही मोठी वितरण कंपनी राजी नव्हती. नवख्या माणसाची ही गोष्ट असती तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण हा माणूस नवखा नव्हता. 'द डर्टी डझन'मधल्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं आणि 'फेसेस'च्या पटकथेसाठी लेखनाचं, अशी ऑस्करची दोन नामांकनं त्याच्या नावावर होती. 'रोझमेरीज बेबी'मधला नवरा म्हणून अर्धं जग त्याला ओळखत होतं. हातातल्या चित्रपटाचा नायक होता पीटर फॉक. हाच फॉक तेव्हा 'कोलंबो' या टीव्ही मालिकेतून चुरगळलेला रेनकोट घालून अमेरिकेच्या घराघरात येत होता. तरीही 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'चे डबे तसेच पडून होते.

कॅसाव्हेटीसवरचं बहुतेक लिखाण त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याभोवती आणि त्याच्या नटांभोवती फिरतं. 'अमेरिकी स्वतंत्र सिनेमाचा जनक' हे बिरुद लावलं की मग हिशेबाचं कोणी विचारत नाही. इथे मुद्दाम हिशेबच बघायचा आहे. पैसा आला कुठून, झळ कोणाला बसली, चित्रपट थिएटरपर्यंत पोचला कसा, आणि १९७४ ला चाललेली युक्ती पुढच्या तीन वर्षांत दोनदा का फसली?

मागची पंधरा वर्षं

कॅसाव्हेटीसचा जन्म १९२९ चा, न्यूयॉर्कचा, ग्रीक स्थलांतरितांच्या घरातला. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्ट्समधून नट म्हणून बाहेर पडला, टीव्हीवर आणि पडद्यावर काम मिळवू लागला, १९५४ मध्ये अभिनेत्री जीना रोलंड्सशी लग्न झालं. १९५७ च्या सुमारास तो न्यूयॉर्कमध्ये नटांची एक कार्यशाळा चालवत होता, आणि तिथल्या एका प्रसंगातून पहिल्या चित्रपटाची कल्पना निघाली. जीन शेफर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात जाऊन तो सहज बोलून गेला, की सामान्य माणसांबद्दलचा सिनेमा हवा असेल तर श्रोत्यांनीच पैसे पाठवावेत. लोकांनी खरंच पाठवले. एकेक, दोनदोन डॉलर करत साधारण दोन हजार जमले. आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात ते हेच.

'शॅडोज' १६ मिलिमीटरवर, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रित झाला. एकूण खर्च ४० हजार डॉलरच्या आसपास गेला, म्हणजे रेडिओवाल्यांची वर्गणी तोंडी लावण्यापुरतीच. १९५८ मध्ये पहिली आवृत्ती दाखवली, ती त्याला स्वतःलाच आवडली नाही. मग बराचसा भाग नव्याने चित्रित केला. पहिल्या आवृत्तीला डोक्यावर घेणारे समीक्षक जोनास मेकास दुसरी पाहून नाराज झाले, हा वाद अजून संपलेला नाही. आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने मात्र पुढचा भाग महत्त्वाचा. अमेरिकेत वितरक मिळेना. १९६० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, ब्रिटिश लायन या इंग्लंडच्या कंपनीने चित्रपट घेतला, लंडनमध्ये गाजला, आणि मग न्यूयॉर्कच्या रस्त्यावर घडलेला हा चित्रपट परदेशी मालासारखा अमेरिकेत परत आला. वितरण नावाचा दरवाजा किती जड असतो हे कॅसाव्हेटीसला पहिल्याच खेपेला कळलं होतं.

त्यानंतर त्याने स्टुडिओत काम करून पाहिलं. पॅरामाउंटसाठी एक चित्रपट केला, तो पडला. दुसरा, 'अ चाइल्ड इज वेटिंग', निर्माता स्टॅन्ले क्रेमरने आपल्या मनासारखा संकलित करून घेतला. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि कॅसाव्हेटीस काही काळ दिग्दर्शक म्हणून हॉलिवूडमध्ये नकोसा झाला. निगेटिव्ह (चित्रपटाच्या प्रती जिच्यावरून निघतात ती मूळ फिल्म) ज्याच्या ताब्यात, शेवटचा शब्द त्याचा, हे या भांडणातून त्याने कायमचं शिकून घेतलं असं मला वाटतं. कारण त्यानंतरचा प्रत्येक मोठा निर्णय त्याच दिशेने जाणारा आहे.

नटाची कमाई, दिग्दर्शकाचा खर्च

त्याच्या कारकिर्दीचं इंजिन इथे आहे. 'शॅडोज'चं देणं फेडायला त्याने 'जॉनी स्टॅकाटो' ही गुप्तहेराची टीव्ही मालिका केली. 'फेसेस'चं चित्रीकरण १९६५ मध्ये सहा महिने चाललं, तेही स्वतःच्या आणि सासूबाईंच्या घरात. त्यानंतर घराच्या गॅरेजमध्ये जवळपास तीन वर्षं संकलन चाललं. या तीन वर्षांत घर कसं चाललं, फिल्म कशी धुतली गेली? नटाच्या मानधनावर. 'रोझमेरीज बेबी'मध्ये तो असा नट झाला आहे जो करिअरसाठी सैतानी मंडळींशी सौदा करतो आणि बायकोला पणाला लावतो. ही भूमिका करून आलेले पैसे तो गॅरेजमध्ये ओतत होता, हा योगायोग त्याला स्वतःला जाणवला नसेल असं वाटत नाही.

'फेसेस' १९६८ ला लागला आणि त्याला ऑस्करची तीन नामांकनं मिळाली. लिन कार्लिन ही तर पडद्यावर पहिल्यांदाच आलेली बाई, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनच्या ऑफिसात सेक्रेटरी होती. तिलाही नामांकन. या यशामुळे कोलंबियाने 'हजबंड्स' घेतला, युनिव्हर्सलने 'मिनी अँड मॉस्कोविट्झ'ला पैसे दिले. म्हणजे १९७२ मध्ये त्याच्यापुढे दोन्ही वाटा होत्या. पण 'हजबंड्स' प्रदर्शनानंतर कंपनीने कापला होता. निगेटिव्ह पुन्हा दुसऱ्याच्या हातात.

मेबलची गोष्ट

'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' आधी नाटक म्हणून सुचलं होतं. रोलंड्सने आजच्या बाईच्या अडचणींवर काहीतरी लिही म्हणून त्याला सांगितलं होतं. त्याने लिहिलेलं वाचल्यावर तिने स्पष्ट सांगितलं, की आठवड्याला आठ प्रयोग हे करून मी जिवंत राहणार नाही. ज्याने चित्रपट पाहिला आहे त्याला तिचं म्हणणं पटेल.

निक लॉन्गेटी (फॉक) हा पाण्याच्या पाइपलाइनवर काम करणाऱ्या टोळीचा मुकादम. त्या रात्री बायको मेबलसोबत (रोलंड्स) राहायचं ठरलेलं, मुलंही आजीकडे पाठवलेली. नेमकी पाइपलाइन फुटते आणि तो घरी येऊ शकत नाही. सकाळी येतो तो सगळ्या टोळीला घेऊनच. मेबल रात्रभर एकटी, सैरभैर. आता दहाएक माणसांसाठी स्पॅगेटी उकळायला लागते. लांबलचक टेबल, कोपराला कोपर लागेल अशी गर्दी, तोंडात घास असलेले कामगार. मेबल एकेकाला नाव विचारते, प्रत्येकाशी जरा जास्तच प्रेमाने बोलते. एक कामगार उभा राहून ऑपेरातलं गाणं म्हणतो, ती त्याच्या तोंडाजवळ जाऊन, गाणं कुठून निघतंय ते बघावं तशी बघत राहते. दुसऱ्याला नाचायला उठवू लागते. तो बिचारा लाजतो, मान खाली घालतो, ती सोडत नाही. टेबलावरचं हसू हळूहळू आटतं. आणि निक एकदम तिच्यावर ओरडतो. कोणीच काही चुकीचं केलेलं नसतं, तरी जेवण नासतं. एक एक जण टोपी शोधायला लागतो.

हा प्रसंग लांब आहे, आणि लांब आहे म्हणूनच तो लागू पडतो. स्टुडिओतला कुठलाही संकलक यातला अर्धा भाग कापून टाकेल. गाण्याचं काम काय? नावं विचारण्याचं काय? कथा तर पुढे सरकत नाही! त्या पाहुण्यांसारखंच आपल्यालाही अवघडायला हवं असेल, तर तेवढा वेळ तिथे बसावं लागतं. शेवटचा कट स्वतःच्या हाती ठेवायचा कॅसाव्हेटीसचा हट्ट होता तो यासाठी.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवावा. हे सगळं उत्स्फूर्त होतं असं पुष्कळदा म्हटलं जातं, कारण 'शॅडोज'च्या शेवटी तशी पाटीच आहे. पुढचे चित्रपट मात्र लिहिलेले होते. संवाद ठरलेले, त्यात नटाने कुठे उभं राहायचं, कुठे वळायचं हे ठरलेलं नसे. कॅमेऱ्याने नटाच्या मागे धावायचं. त्यामुळे कधी चेहरा फोकसमधून निसटतो, कधी कोणाची पाठ आडवी येते. त्याला चालायचं.

पैसा

गोष्ट अशी होती की वेड लागत चाललेल्या मध्यमवयीन गृहिणीवरच्या चित्रपटात पैसे घालायची कुठल्याही स्टुडिओची तयारी नव्हती. तेव्हा कॅसाव्हेटीसने घर गहाण टाकलं. फॉकने 'कोलंबो'च्या कमाईतून पाच लाख डॉलर घातले. मुख्य नट हाच मोठा गुंतवणूकदार, आणि त्याचा पैसा टीव्हीवरून आलेला. स्वतंत्र सिनेमाचा हा मानबिंदू शेवटी टीव्हीच्या जाहिरातदारांच्या पैशावर उभा राहिला. यात कमीपणा काही नाही, पण कथा सांगताना हा भाग गाळला जातो आणि गहाण घर तेवढं उरतं.

कॅसाव्हेटीस तेव्हा अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये निवासी चित्रपटकार होता. तिथले विद्यार्थी क्रूमध्ये आले, काही जाणकार तंत्रज्ञ आले. निकची आई झाली कॅसाव्हेटीसची आई कॅथरीन, मेबलची आई झाली रोलंड्सची आई. घरची माणसं म्हणजे घरचा जिव्हाळा, हे खरं. घरची माणसं म्हणजे वाचलेलं मानधन, हेही खरं.

वितरक नाही, मग आपणच

वितरक काय करतो ते आधी बघू. प्रिंट काढायला आणि जाहिरातीला तो आधी पैसे लावतो. थिएटरवाला आपला खर्च आणि वाटा काढून घेतो, उरलेल्यातून वितरक आपली फी आणि लावलेले पैसे वळते करतो, आणि त्यातूनही काही उरलं तर ते निर्मात्याला. रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो ज्याने चित्रपट केला तो. आणि वितरकाची खरी ताकद वसुलीत असते. थिएटरवाल्याने पैसे थकवले तर मोठी कंपनी नुसतं एवढंच म्हणते, की दिवाळीला आमचा मोठा चित्रपट येतोय, तो तुम्हाला हवाय ना? एकट्या निर्मात्याकडे पुढचा चित्रपट नसतो. तो तगादा लावू शकतो, धमकी देऊ शकत नाही.

हे सगळं ठाऊक असून कॅसाव्हेटीस स्वतः वितरक झाला. फेसेस इंटरनॅशनल या आपल्याच कंपनीच्या नावाने चित्रपट काढला. थिएटरमालकांना स्वतः फोन केले. देशभर उपवितरकांचं जाळं न वापरता एखादा स्वतंत्र चित्रपट असा फिरवणं तेव्हा जवळपास न ऐकलेलं होतं. मदतीला आलेल्या पोरांमध्ये जेफ लिप्स्की नावाचा एक तरुण सिनेमावेडा होता. पुढे १९९१ मध्ये ऑक्टोबर फिल्म्स ही गाजलेली वितरण कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी तो एक. अमेरिकी स्वतंत्र सिनेमाला नव्वदीत जे वितरक मिळाले, त्यातल्या एकाची उमेदवारी या फोनांवर झाली होती.

ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हलला चित्रपट दाखवला गेला. त्यानंतर निवडक शहरांतली कला-चित्रपटगृहं, आणि त्याच्या जोडीला कॉलेजं. कॉलेजात खेळ लावायचा, आणि खेळानंतर कॅसाव्हेटीस आणि फॉक स्वतः मुलांशी बोलायला उभे. म्हणजे तिकीट काढून 'कोलंबो' प्रत्यक्ष भेटणार! ही जाहिरात कुठल्याही पोस्टरपेक्षा स्वस्त होती आणि तिची तोड कुठल्याही मोठ्या कंपनीकडे नव्हती. फॉक टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांतही जाई. अशाच एका कार्यक्रमात शेजारी बसलेला नट रिचर्ड ड्रायफस चित्रपटाने आपली काय अवस्था केली ते सांगू लागला. घरी जाऊन आपल्याला उलटी झाली, इथपर्यंत. फॉकला वाटलं असेल, झालं, बुडालो. झालं उलटंच. माणसाला ओकायला लावणारा हा सिनेमा आहे तरी काय म्हणून लोक बघायला गेले.

सगळं गोड नव्हतं. 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात समीक्षक पॉलिन केलने चित्रपटाला झोडपलं. पण ज्यांना तो भिडला त्यांनी इतरांना हाताला धरून नेलं. दिग्दर्शनासाठी कॅसाव्हेटीसला आणि अभिनयासाठी रोलंड्सला ऑस्करचं नामांकन मिळालं. दिग्दर्शनाचा पुरस्कार 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागासाठी कोपोलाने नेला, अभिनयाचा एलन बर्स्टिनला मिळाला. रोलंड्सला गोल्डन ग्लोब मिळाला. अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन अशा तिन्ही विभागांत नामांकन मिळवणाऱ्या मोजक्या माणसांत कॅसाव्हेटीस जाऊन बसला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसे परत आले, आणि वर उरले.

थिएटर मिळवण्याचा हा झगडा मराठी वाचकाला परका नाही. तीनच वर्षं आधी, १९७१ मध्ये, दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमध्ये टिकवायला शिवसेनेला उतरावं लागलं होतं, कारण थिएटरवाल्यांना तिथे देव आनंदचा नवा चित्रपट हवा होता. दादाही नट, निर्माता आणि स्वतःच्या मर्जीचे मालक. त्यांच्यामागे बाळासाहेब उभे राहिले. कॅसाव्हेटीसच्या मागे फक्त टेलिफोन होता.

तीच युक्ती, दोनदा फसलेली

इथपर्यंत वाचून स्वतःचं वितरण स्वतः करावं असा धडा कोणी काढेल. पुढचं बघा.

फेब्रुवारी १९७६ मध्ये 'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी' आला. बेन गझारा यात एका छोट्या नाइटक्लबचा मालक झालाय. त्याच्या क्लबातले नाचगाण्याचे खेळ कोणाला फारसे आवडत नाहीत, पण ते बसवण्यात त्याला अपार समाधान आहे. तो जुगारात कर्ज करून बसतो आणि गुंड ते वसूल करायला येतात. कर्जात बुडालेला, आपला खेळ आपल्या पद्धतीने चालवायचाच म्हणणारा हा मालक कोण, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. चित्रपट झटकन उतरला. १९७८ मध्ये कॅसाव्हेटीसने जवळपास अर्ध्या तासाने छोटी आवृत्ती काढली, तिनेही फार फरक पडला नाही.

डिसेंबर १९७७ मध्ये 'ओपनिंग नाइट' लॉस एंजेलिसमध्ये लागला. पुन्हा पदरमोड, पुन्हा स्वतःचं वितरण. न्यूयॉर्कमध्ये काही खेळ झाले, पण तिकडे कोणी लक्षच दिलं नाही. बर्लिन महोत्सवात रोलंड्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं, तरी अमेरिकेत कोणी विचारलं नाही.

माणूस तोच, पद्धत तीच. मग बदललं काय? माझ्या मते 'वुमन'ला जे मिळालं त्यातलं बरंचसं त्या एकाच वर्षाचं होतं. बायकांच्या घरातल्या घुसमटीवर अमेरिका तेव्हा रोज भांडत होती आणि कॉलेजांत ते भांडण सगळ्यात जोरात होतं. 'कोलंबो' भरात होता आणि फॉकचे स्वतःचे पैसे अडकलेले असल्यामुळे तो गावोगाव फिरायला तयार होता. गझारा उत्तम नट, पण त्याला बघायला कॉलेजची मुलं रांग लावणार नव्हती. शिवाय गुंड आणि खून म्हणून आलेल्या प्रेक्षकाला 'बुकी'मध्ये मिळालं काय, तर एक माणूस आणि त्याची थकलेली नाचगाणी. वितरक पुष्कळ चित्रपटांतल्या थोड्यांवर कमावतो आणि बाकीच्यांचा तोटा त्यात जिरवतो. एका वेळी एकच चित्रपट असलेल्या माणसाला तोटा जिरवायला जागा नसते. त्याच्याकडे असतं घर.

झळ

म्हणून तो पुन्हा नोकरीवर गेला. ब्रायन द पाल्माच्या 'द फ्युरी'त खलनायक झाला. विकायची म्हणून एक पटकथा लिहिली, ती कोलंबियाने घेतली आणि दिग्दर्शनही त्यालाच दिलं. तो 'ग्लोरिया'. गंमत म्हणजे याच चित्रपटाला १९८० मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, लुई मालच्या चित्रपटासोबत विभागून. १९८४ च्या 'लव्ह स्ट्रीम्स'ला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. हा कॅनन कंपनीच्या पैशावर, पण पुन्हा स्वतःच्या घरात चित्रित केलेला. जॉन व्हॉइट बाहेर पडल्यामुळे नायकाचं कामही कॅसाव्हेटीसनेच केलं. तोवर दारूने यकृत गेलं होतं. ३ फेब्रुवारी १९८९ ला, एकोणसाठाव्या वर्षी, तो वारला.

झिजलेला माणूस म्हणून फक्त त्यालाच मोजणं बरोबर नाही. रोलंड्सचं घर सेट होतं, ऑफिस होतं, संकलनाची खोली होतं, आणि ते गहाणही होतं. मुलं त्याच घरात वाढत होती. पडद्यावरचं सगळ्यात जीवघेणं काम तिचं, आणि सकाळी दारात पोचलेल्या क्रूला तोंड देणारीही तीच. 'फेसेस'सारख्या चित्रपटांत बहुतेकांनी आधी मोबदला न घेता, पुढे नफा झाला तर वाटा, या बोलीवर काम केलं. प्रेमापोटी केलं हे मान्य. पण आज नवा दिग्दर्शक कॅसाव्हेटीसचं नाव घेऊन पोरांना फुकट राबवायला निघतो, तेव्हा त्याला विचारावं, की बाबा, तुझं घर कुठल्या बँकेकडे आहे?

निगेटिव्ह

हिशेबाची शेवटची नोंद त्याच्या मृत्यूनंतरची आहे. 'ओपनिंग नाइट' अमेरिकेत रीतसर लागला १९९१ मध्ये. १९९० मध्ये 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करायच्या चित्रपटांच्या सरकारी यादीत, गेला, १९९३ मध्ये 'शॅडोज', २०११ मध्ये 'फेसेस'. इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत कमी खर्चात केलेल्या चित्रपटासाठी त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

२००४ मध्ये क्रायटेरियन या डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीने त्याच्या पाच चित्रपटांचा संच काढला: 'शॅडोज', 'फेसेस', 'वुमन', 'बुकी', 'ओपनिंग नाइट'. निवड कोणा समीक्षकाने केल्यासारखी वाटते, पण या पाचांत एक साधं साम्य आहे. पाचही त्याने स्टुडिओच्या पैशाशिवाय केलेले, स्वतःच्या मालकीचे. 'हजबंड्स' त्यात नाही, 'ग्लोरिया' नाही. ते ज्यांचे होते त्यांच्या कपाटात राहिले. 'बुकी'च्या तर दोन्ही आवृत्त्या त्या संचात आहेत, लोकांनी नाकारलेली लांबलचक पहिलीसुद्धा.